खड्डा बुजवण्यापूर्वी

जमिनीखालची टाकी उपसून ट्रकवर चढली की मालकाच्या हिशेबी काम संपते. खड्ड्यात भराव पडतो, वर काँक्रीट होते आणि जागा विक्रीस मोकळी होते. लोकांच्या दृष्टीने मात्र खरे काम त्या उघड्या खड्ड्यापाशीच सुरू व्हावयास हवे. कारण टाकीने काय गाळले, याची साक्ष देणारी माती तेवढ्याच काळापुरती उघडी असते.

अमेरिकेला हा धडा कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराने दिला. धुरांडी नाहीत म्हणून ‘स्वच्छ’ गणला गेलेला इलेक्ट्रॉनिक्स उद्योग तेथे भरभराटला होता. १९८१ च्या अखेरीस फेअरचाइल्ड कंपनीच्या कारखान्यातील भूमिगत टाकीतून ट्रायक्लोरोइथेन हे द्रावक गळून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोचल्याचे उघडकीस आले. वस्तीतील आयांनी गर्भपातांचा व जन्मजात व्यंगांचा प्रश्न लावून धरला. १९८५ च्या सरकारी पाहणीत ते प्रमाण अधिक आढळले. परंतु गळती हेच त्याचे कारण, असे सिद्ध करता आले नाही. विष केव्हा आणि किती पाण्यात उतरले, हे मागाहून अंदाजानेच ठरवावे लागले. मोजमाप वेळेवर झाले नाही की संशयाचा फायदा मालकाला मिळतो आणि संशयाचा भार आईला वाहावा लागतो.

सांता क्लारा परगण्यात १९८३ मध्ये नियम झाले. पाठोपाठ १९८४ मध्ये देशव्यापी कायदा आला. तेव्हापासून अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे. १९८८ च्या नियमांनुसार टाकी कायमची बंद करताना, जेथे गळतीचा संभव सर्वाधिक तेथे तपासणी करणे बंधनकारक आहे. मात्र हे कर्तव्य मालकावरच सोपवलेले आहे आणि नमुने घेणारा सल्लागारही त्याच्याच पैशावर काम करतो.

येथेच खरी गोम आहे. टाकीच्या तळाखालची व नळांच्या सांध्यांखालची माती घेतली तर एक निष्कर्ष निघतो. स्वच्छ कोपऱ्यातली घेतली तर दुसरा. सैल झाकणाच्या बरणीत उन्हात राहिलेल्या नमुन्यातील बेंझीन प्रयोगशाळा गाठण्यापूर्वीच उडून जाते. पेट्रोल भूजलावर तरंगते, तर ट्रायक्लोरोइथेन पाण्याहून जड असल्याने खाली उतरते. म्हणून पाण्याचा नमुना कोणत्या खोलीवरून घेतला, यालाही महत्त्व आहे. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची तेथील मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. इतके सूक्ष्म विष जिभेला कळत नाही.

सफाईसाठी १९८६ मध्ये निधी उभारला गेला, तो इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून. बेवारस टाक्यांसाठी तो आवश्यकच होता. पण नफा खाजगी आणि घाण सार्वजनिक, हा न्याय त्याने बदलत नाही. छोट्या पंपचालकाला खर्च झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर तपासणी टाळणे हे नव्हे. त्याच्यामार्फत इंधन विकणाऱ्या तेलकंपन्यांनी तो भार उचलला पाहिजे.

नमुने स्वतंत्र यंत्रणेने, रहिवाशांच्या प्रतिनिधींसमक्ष घ्यावेत. अहवाल जाहीर झाल्यावाचून जागेची विक्री होऊ नये. जमीन मालकाची असेल. तिच्याखालून वाहणारे पाणी मात्र कोणाच्याही सातबाऱ्यावर चढलेले नाही.