लेसर झालं, चष्मा गेला, पण डोळ्यातली कचकच जाईना. यावर वापरली जाणारी ‘स्क्लेरल लेन्स’ नेमकी काय आहे?

परतवाडा म्हटलं की दोन गोष्टी आधी आठवतात. एक चिखलदऱ्याकडे चढणारा घाट आणि दुसरी सागवानाचा डेपो. तिसरी गोष्ट आठवायची गरज पडत नाही, ती अंगावरच येते. मे महिन्यातलं ऊन. पारा ४५ कडे सरकला की दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी गाडीवर निघत नाही. त्यात कोरडा वारा, आरा मशीनचा भुसा आणि रात्रभर थेट तोंडावर सोडलेला कूलर. डोळ्यांसाठी हा भाग तसाही सोपा नाही.

आता अशा ठिकाणचं पंचविशीतलं कुणी अमरावतीला किंवा नागपूरला जाऊन लेसर करून आलं असं धरा. कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं, भरती नाहीतर लग्न. मुलीला चष्मा आहे हे बायोडाटात लिहायचं की नाही यावर घराघरांत अजूनही चर्चा होते, हे काही गुपित नाही. ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी लांबची पाटी लख्ख वाचता येते. घरचे खूश.

आणि मग महिना-दोन महिन्यांनी तक्रार सुरू होते. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय. सकाळी पापणी उघडताना चिकटल्यासारखी वाटते. मोबाईल पंधरा मिनिटं बघितला की जळजळ. डॉक्टर तपासतात, नंबर शून्य आलेला असतो, बाहेरून डोळाही ठीक दिसतो. घरचे म्हणतात, “आता दिसते ना बरोबर, मंग काय झालं?” खरी पंचाईत इथे होते. दिसतं चांगलं, पण डोळा उघडा ठेवणं नकोसं होतं.

हे होतं का, तर त्याचं कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात आहे. या पडद्याला कॉर्निया म्हणतात आणि शरीरात सगळ्यात दाट मज्जातंतूंचं जाळं असलेल्या जागांपैकी ही एक आहे. डोळा कोरडा पडू लागला की हेच तंतू मेंदूला कळवतात, मग अश्रू पाझरतात आणि पापणी लवते. लेसिकमध्ये कॉर्नियाचा एक पातळ थर झाकणासारखा कापून बाजूला करतात, खालच्या भागाला लेसरने आकार देतात आणि झाकण परत बसवतात. झाकण कापताना तंतूही कापले जातात. म्हणजे निरोप देणारी तारच तुटते. डोळा कोरडा आहे, पण तो कोरडा आहे हे ग्रंथीला कळत नाही. तंतू परत वाढतात, पण त्याला महिने लागतात, काहींना त्याहून जास्त.

किती जणांना होतं? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, यावर ‘प्रॉल’ नावाचा अभ्यास केला. नौदलातले लोक आणि सामान्य नागरिक मिळून पावणेसहाशेच्या आसपास माणसं त्यात होती. ज्यांना आधी कोरडेपणाचा काहीच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी त्रास होत असल्याचं सांगितलं. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. जाहिरातीत फक्त दुसरा असतो आणि घाबरवणाऱ्या रील्समध्ये फक्त पहिला.

बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही डोळे कोरडे पडतात, पण तिथे चीर लहान असते आणि बऱ्याच जणांना तीनेक महिन्यांत आराम पडतो. तिथला एक गुन्हेगार तर बाटलीतच असतो. ऑपरेशननंतरच्या थेंबांमध्ये औषध टिकावं म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्याच्या वरच्या थराला त्रास देतं. आजोबा औषध नेमाने घालतात आणि डोळे चुरचुरतात म्हणून आणखी नेमाने घालतात.

प्रश्न उरतो तो वर्ष उलटलं तरी ज्यांना आराम नाही त्या थोड्या लोकांचा. स्क्लेरल लेन्सचा विषय त्यांच्यासाठी आहे.

नेहमीची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स थेट कॉर्नियाला चिकटून बसते. ती स्वतःच डोळ्यातला ओलावा धरून ठेवते, म्हणून कोरड्या डोळ्याला अनेकदा आणखी टोचते. स्क्लेरल लेन्सचं गणित उलटं आहे. ती कडक, पण हवा आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची आणि आकाराने मोठी असते, साधारण १५ मिलिमीटरपासून वीसच्या वरपर्यंत. तिचा भार डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतो. कॉर्नियाला ती शिवतच नाही, घुमटासारखी वरून जाते. लेन्स घालण्याआधी तिच्या वाटीत निर्जंतुक सलाइन भरतात. त्यामुळे लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पाण्याचा थर दिवसभर राहतो. उघडे पडलेले तंतू पाण्याखाली जातात. पापणी घासते ती लेन्सवर, जखमी पडद्यावर नाही. कूलरचा वारा लागतो तोही लेन्सलाच.

लेसरनंतर कॉर्निया मधोमध सपाट झालेला असतो, त्यामुळे साधी कडक लेन्स त्यावर नीट बसत नाही. घुमटाला मात्र खालच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. काहींना लेसरनंतर नजर वेडीवाकडी होते, दिव्यांना शेपट्या फुटतात. मधल्या पाण्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने तेही बरंच सुधारतं.

गंमत म्हणजे ही कल्पना खूप जुनी आहे. १८८० च्या दशकात जर्मन भाषिक जगात काचेच्या पहिल्या कॉन्टॅक्ट लेन्स बनल्या, त्या अशाच पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या होत्या. पण काचेतून हवा जात नाही, कॉर्नियाला प्राणवायू मिळेना, आणि लहान व मऊ लेन्स आल्यावर हा प्रकार मागे पडला. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरातले डॉन इझिकिएल यांनी हवा जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या स्क्लेरल लेन्सचे अनुभव प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. पेरी रोझेंथल यांनी याच तत्त्वावर ‘प्रोज’ नावाचा उपचार उभा केला. पुढे तो हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात आला. भारतात त्याचा मोठा उपयोग झाला तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमच्या रुग्णांना. एखाद्या औषधाच्या भयंकर रिअॅक्शनने अंगावरची कातडी सुटते आणि डोळे कायमचे कोरडे पडतात असा हा आजार. त्यांच्यापुढे लेसरनंतरचा कोरडेपणा सौम्यच म्हणायचा, पण उपाय तोच चालतो.

मग सगळ्यांनी हीच लेन्स का घेऊ नये? एकतर ती पहिली पायरी नाही. कोरड्या डोळ्यांवर जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून २०१७ मध्ये जो अहवाल काढला, त्यात उपचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. स्क्लेरल लेन्स तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी सवयी बदलणं, पापण्यांना गरम शेक, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बारीक बूच, सायक्लोस्पोरिनसारखी औषधं असं बरंच करून बघायचं असतं. वर्षभर एकच थेंब घालून “काही फरक नाही” म्हणणारे या पायऱ्या चढलेलेच नसतात.

दुसरं, सगळी आग कोरडेपणाची नसते. काहींमध्ये तुटलेले तंतू चुकीचे जुळतात आणि डोळा ओला असला तरी दुखत राहतो. डॉक्टर याची एक सोपी चाचणी करतात. डोळ्यात बधिरीकरणाचा थेंब टाकतात. दुखणं थांबलं तर मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे आणि लेन्सने फरक पडू शकतो. थेंब टाकूनही दुखत राहिलं तर मूळ आत, मज्जासंस्थेत आहे आणि तिथे लेन्सकडून फार आशा धरण्यात अर्थ नाही. ज्यांच्या कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी आधीच कमी झाल्यात किंवा ज्यांचं काचबिंदूचं ठरावीक ऑपरेशन झालंय, त्यांच्यातही डॉक्टर जपूनच निर्णय घेतात.

आणि तिसरं, म्हणजे परतवाड्यातून बघताना सगळ्यात मोठं, ही लेन्स दुकानातून नंबर सांगून आणायची वस्तू नाही. ट्रायल लेन्स घालून अर्धा तास थांबायचं, ती कशी बसतेय ते रंग टाकून बघायचं, बदल करून मागवायची, परत तपासायचं. यात तीन-चार खेपा सहज होतात. हे काम सहसा मोठ्या शहरातल्या कॉर्निया विभागांत चालतं. मजुरी बुडवून नागपूर किंवा हैदराबाद गाठणाऱ्याला लेन्सच्या किमतीइतकाच हा खर्च जड जातो. शिवाय लेन्स एक-दोन वर्षांनी बदलावी लागते, म्हणजे तो खर्च एकदाचा नाही.

रोजची कसरत वेगळी. टेबलावर मान खाली घालून, वाटीत काठोकाठ सलाइन भरून, हवेचा बुडबुडा न राहू देता लेन्स लावायची. बुडबुडा राहिला की काढून पुन्हा. सत्तरीतल्या थरथरत्या हातांना हे अवघड आहे, म्हणून मोतीबिंदूनंतरच्या साध्या कोरडेपणासाठी ही लेन्स क्वचितच सुचवतात. काहींना दुपारपर्यंत आतलं पाणी गढूळ होतं, मग काढून, धुऊन, नव्याने भरावी लागते. रात्री झोपताना काढायचीच. आणि नळाचं किंवा फिल्टरचं पाणी, घरी केलेलं मिठाचं पाणी, आठवडाभरापूर्वी फोडलेली सलाइनची बाटली, यातलं काहीही चालत नाही. साध्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला तर आहे ती नजरही जाऊ शकते. जिथे उन्हाळ्यात नळ दोन-तीन दिवसांआड येतात तिथे हात धुण्याचं पाणी आधी बाजूला काढून ठेवावं लागतं.

आता ज्यांचं लेसर अजून व्हायचंय त्यांच्याबद्दल. डोळे मुळात कोरडे आहेत का हे ऑपरेशनआधी कळतं. शिर्मर चाचणीत पापणीच्या कडेला कागदाची पट्टी पाच मिनिटं लावून ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. दहाच्या खाली आकडा आला तर विचार करायचा, पाचच्या खाली आला तर दोनदा. सोबत डोळ्यावरचा अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही बघतात. संधिवात असेल, तोंड सतत कोरडं पडत असेल किंवा आधीपासूनच थेंब चालू असतील तर ते डॉक्टरांपासून लपवण्यात काही फायदा नाही. फक्त पॅकेजचा दर सांगून तारीख देणाऱ्या ठिकाणी या दोन चाचण्यांचे आकडे मागून घ्यावेत. हे आकडे फाइलमध्ये लिहिलेले असले तर पुढे त्रास झाल्यावर तुलना करायलाही तेच उपयोगी पडतात.