म्हातारपण परीक्षेला येत नाही

माझी भाची शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करते आहे. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्राला 30 गुण असतात. परवा ती एरिक एरिक्सन यांचे टप्पे मोठ्यानं पाठ करत होती. विश्वास विरुद्ध अविश्वास, स्वायत्तता विरुद्ध लज्जा... पाचव्या टप्प्याशी, म्हणजे किशोरवयापाशी येऊन ती थांबली. मी म्हटलं, "पुढचे तीन?" ती म्हणाली, "मामू, त्याच्यावर प्रश्न येत नाहीत. आम्हाला पोरं शिकवायचीत, म्हातारे नाही."

तिचं काही चुकलं नाही. माणसाच्या वाढीचा विचार बरेच दिवस बालपणापाशीच थांबत होता. फ्रॉइड यांचे टप्पे वयात येण्याशी संपतात. पियाजे यांचा शेवटचा टप्पा अकराव्या-बाराव्या वर्षी सुरू होतो. एरिक्सन यांनी मात्र 1950 साली जन्मापासून मरणापर्यंतचे आठ टप्पे मांडले. सातव्या टप्प्यात माणूस पुढच्या पिढीसाठी काही घडवतो, नाहीतर साचून राहतो. आठव्यात तो मागं वळून बघतो आणि आपलं आयुष्य आहे तसं आपलं म्हणतो, नाहीतर निराश होतो.

हे ऐकताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडं गेलं. तिथं अब्बा बसले होते.

अब्बांनी सांगोल्यात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आम्ही भावांनी ठरवलं, आता पुरे. मशीन विकलं, मापाच्या वह्या रद्दीत घातल्या, दुकानाचा गाळा सोडला. "अब्बा, आता आराम करा," म्हणालो. वडिलांची खिदमत केल्याचं समाधान आम्हाला मिळालं. वर्षभरात अब्बांचं बोलणं कमी झालं. आम्ही म्हणालो, वय झालं.

आता वाटतं, वय झालं म्हणून ते गप्प झाले नाहीत. त्यांना विचारायचं आम्ही बंद केलं, म्हणून ते गप्प झाले.

याच गावानं दुसरं उदाहरणही पाहिलं आहे. गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा सांगोल्याचे आमदार झाले. 1995 साली ते हरले. तेव्हा त्यांनी साठी कधीच ओलांडली होती. आपल्या घरात त्या वयाच्या माणसाला आपण सांगितलं असतं, झालं तेवढं बास, आता नातवंडं खेळवा. गणपतराव त्यानंतर चार निवडणुका जिंकले. 2014 चा विजय अकरावा होता आणि तेव्हा ते ऐंशीच्या बरेच पुढं होते. 2019 ला मात्र उभे राहिले नाहीत. थांबायचं कधी, हेही त्यांनीच ठरवलं. 30 जुलै 2021 रोजी ते गेले. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, एका म्हाताऱ्या माणसाला त्याचं काम शेवटपर्यंत करू देणारा तालुका हाच आहे. मग घरात आपल्याला ते का जमत नाही?

कुणी म्हणेल, सगळेच काही आमदार नसतात. खरं आहे. सत्तरीतही पोटासाठी डाळिंबाच्या काढणीला जाणारी बाई आपल्या तालुक्यात दिसते. तिला कामात गुंतून राहायचा उपदेश करणं क्रूरपणाचं होईल, तिला विश्रांतीच हवी आहे. म्हणजे मुद्दा काम की आराम, हा नाहीच. तिला थांबता येत नाही आणि अब्बांना चालू ठेवता आलं नाही. दोघांच्याही आयुष्याचा निर्णय दुसऱ्यानंच केला, तिचा गरिबीनं आणि अब्बांचा आम्ही.

एरिक्सन, त्यांच्या पत्नी जोन आणि हेलन किव्निक यांनी ऐंशीच्या आसपासच्या माणसांशी बोलून 1986 साली एक पुस्तक लिहिलं. म्हातारपणी जगण्यात जिवंतपणे गुंतलेलं असणं, हा त्याचा गाभा. एरिक्सन यांच्या पश्चात जोन यांनी 1997 साली नववा टप्पाही मांडला. अतिवृद्धपणी शरीर साथ सोडतं, तेव्हा बाळपणीचा पहिलाच प्रश्न परत समोर येतो: या जगावर विश्वास ठेवू का?

त्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं असतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांवर आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी टाकली. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी येतं. ते आम्ही सगळं दिलं होतं. पण घरातल्या निर्णयात वडिलांना विचारा, असं कुठलाही कायदा सांगू शकत नाही. आणि खिदमत म्हणजे माणसाच्या हातातलं सगळं काढून घेणं, असं आम्हाला कुणी शिकवलंही नव्हतं. ते आमचं आम्हीच ठरवलं.

त्या संध्याकाळी मी भाचीला सांगितलं, उरलेले तीन टप्पे नानांना वाचून दाखव. तिनं दाखवले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मशीन कितीला विकलं होतं रे?"

मला आकडा सांगता आला नाही. विकताना त्यांना विचारायला हवं होतं, हे मात्र कळलं. तुमच्या घरातलं मशीन अजून विकलं नसेल, तर आधी विचारा.