मौनाचा भाव

वासुदेव गायतोंडे यांचे १९७९ मधील एक शीर्षकहीन चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना गेले, आणि आपल्या समीक्षेने लिलावसूचीची भाषा निमूटपणे उचलली: मौन, ध्यान, झेन. गायतोंडे यांना झेन विचाराचे आकर्षण होते, हे कोणीच नाकारत नाही. पण त्या उल्लेखाने चित्राचे वर्णन पुरे कसे होते? रोलरने पसरलेला, पात्याने ओढलेला रंग, कागदाचे तुकडे दाबून उमटवलेले आकार, थरांखालून वर येणारा उजेड ही सारी अत्यंत मूर्त प्रक्रिया आहे. तिला 'अमूर्त' म्हणून (हे विशेषण खुद्द चित्रकारालाही अमान्य होते, ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत) आपण पाहण्याच्या जबाबदारीतून मोकळे होतो. सूचीकाराला गूढता हवीच असते, तिला भाव येतो. त्याचा तो व्यवसायच आहे. समीक्षकाने ती फुकट का वाढवावी? 'येथे शब्द थिटे पडतात' असे लिहिणारा समीक्षक नम्र नसतो, आळशी असतो. २०२५ मध्ये त्यांच्या १९७० मधील चित्राला ६७.०८ कोटी आले, तेव्हाही आपण आकडाच वाचला. त्या पृष्ठभागावर रोलर कुठे थांबला, याविषयीचे एक वाक्य आमच्या विद्यापीठीय समीक्षेत अद्याप माझ्या वाचनात आलेले नाही.