वाचणाऱ्याचाही हक्क

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद पेटला की सगळी चर्चा बोलणाऱ्याभोवती फिरते. त्याने असं लिहायला हवं होतं का, आता तो माफी मागणार का? ज्यांना ते वाचायचं होतं, त्यांची आठवण कुणाला होत नाही. म्हणून र. धों. कर्वे यांच्यावरचा १९३४चा खटला पुन्हा पाहायला हवा. १९२७पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक पत्रं पाठवत, कर्वे उत्तरं छापत. हस्तमैथुनाने शरीर खंगतं का, यासारखे प्रश्न घरात काढण्याची सोय नव्हती आणि डॉक्टरांपुढेही जीभ रेटत नसे. नेमक्या अशाच उत्तरांवर अश्लीलतेचा ठपका आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच मजकूर अश्लील ठरत नाही, वाचकांनी शंका विचारल्या तर त्यांना उत्तर मिळायला हवं, अशी त्यांची बाजू होती. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. माझ्या मते त्या निकालाची खरी झळ पत्र लिहिणाऱ्या त्या अनाम माणसांना बसली, कारण त्यांना उत्तर देणारं दुसरं ठिकाण जवळजवळ नव्हतंच.

यावर कुणी म्हणेल, समाजाच्या भावनांचं काय? भावना खऱ्या असतात आणि दुखावलेल्या माणसाला निषेधाचा, खंडन करण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण ते मासिक कुणाच्या गळ्यात मारलं जात नव्हतं. न आवडणाऱ्याने ते घेऊ नये; शेजाऱ्याच्या हातातून काढून घेण्याचा हक्क त्याला कुठून मिळतो? हिंसेची चिथावणी किंवा बदनामी यांना आळा हवाच. संविधानाच्या १९(२) कलमात नीतिमत्तेच्या कारणानेही निर्बंधाची तरतूद आहे, हे मान्य. मात्र नीतिमत्तेचे निकष किती लवकर पालटतात, तेही पाहा. संततिनियमनाच्या प्रचारापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि १९५२ साली, त्यांच्या हयातीतच, कुटुंबनियोजन हा भारत सरकारचा कार्यक्रम झाला!

राहिला कायदा-सुव्यवस्थेचा मुद्दा. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचं रक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे एखादं नाटक उधळण्याची धमकी आली, तर पोलिसांनी आयोजकांना प्रयोग रद्द करण्याची गळ घालू नये. नाट्यगृहाबाहेर बंदोबस्त लावावा आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना शेवटच्या अंकापर्यंत नाटक पाहू द्यावं.