पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता नव्हे!

"पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता" ही व्याख्या ठाणे-डोंबिवलीतले आम्ही शिक्षक अजूनही घोकून घेतो. माझ्या मते ती आता अपुरी आहे.

६४-बिट एआरएम प्रोसेसर पत्ता शोधताना पॉइंटरचे वरचे ८ बिट सोडून देऊ शकतो. त्या जागेत टॅग, म्हणजे खूण ठेवता येते. अँड्रॉइड ११ पासून ६४-बिट अ‍ॅपच्या हीप पॉइंटरवर ती असते (कर्नलची साथ असेल तर, बरं का!). मेमरी परत करताना खूण बिघडलेली दिसली की अ‍ॅप तिथेच थांबवतात.

पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण केली तरी पोस्टमन पत्र बरोब्बर टाकतो. कर्नल मात्र वहीशी पत्ता ताडणारा कारकून! 'रीड' कॉलला असा पॉइंटर दिला, की तो म्हणायचा, पत्ताच चूक.

२०१९ साली लिनक्स ५.४ मध्ये तोडगा निघाला. प्रोसेसने 'पीआरसीटीएल' कॉलने आधी मुभा मागायची, मग कर्नल खूण बाजूला ठेवून पत्ता तपासतो. 'एममॅप'ला दिलेल्या पत्त्यावर मात्र खूण चालत नाही. सरसकट सूट दिली नाही हे मला पटतं. जुन्या प्रोग्रॅमना मिळणारं उत्तर बदललं नाही.

मग परीक्षेत काय लिहायचं? पत्ता लिहाच, आणि वरचे ८ बिट कोण वाचतं, कोण नाही, तेही लिहा.