वलीपलित आणि विकतचा आत्मविश्वास

एका स्नेह्यांच्या एकसष्टीस आम्ही नुकतेच गेलों होतों. एकसष्ट दिव्यांचें ताट घेऊन सुवासिनी उभ्या राहिल्या, तेव्हां त्या प्रकाशांत सत्कारमूर्तींचें मुख असें कांहीं गुळगुळीत दिसलें कीं, ओवाळणी एकसष्टीची आहे कीं साखरपुड्याची, असा क्षणभर भ्रम पडावा. केस काळेभोर, कपाळ सपाट, भुवयांमध्यें रेघ म्हणून नाहीं. उत्तराच्या भाषणांत मात्र ‘हे केस कांहीं उन्हानें पांढरे झालेले नाहींत’ हें वाक्य आलेंच! सभेंत कोणी हंसलें नाहीं, याचें आम्हांस आश्चर्य वाटलें.

‘डौलानें आणि आत्मविश्वासानें वृद्ध व्हा’ असा उपदेश करणारे फलक आतां शहरांतून जागोजाग लागतात. फलकावरील स्त्री बहुधा तिशींतली असते. आमचा वाद रंगरंगोटीशीं नाहीं. तो त्या ‘आत्मविश्वास’ या शब्दाशीं आहे.

ज्या औषधाच्या बळावर हा व्यापार मुख्यत्वें चालतो, त्याची जन्मकथा फारशा लोकांस ठाऊक नसते. १८९५ सालीं बेल्जममधील एका खेड्यांत अंत्यविधीस आलेले वादक डुकराचें खारवलेलें मांस खाऊन आजारी पडले व कांहीं दगावले. त्या प्रकरणाचा शोध घेतांना प्रा. व्हान एर्मेंगेम यांनीं जो जंतु वेगळा केला, त्याचेंच विष म्हणजे आजचें बोटॉक्स. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूस मिळणारा आकुंचनाचा निरोप तें अडवितें. स्नायु लुळा पडतो आणि वरच्या कातडीची घडी मिटते. सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनीं हें विष अत्यल्प मात्रेंत तिरळेपणावर वापरून दाखविलें, आणि १९८९ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें त्यास मान्यता दिली. अर्धांगवायूनें आखडलेला हातही त्यानें सैल होतो. विषाचें औषध करणाऱ्या या विद्येपुढें आम्ही नम्र आहों. २००२ सालीं त्याच खात्यानें भुवयांमधील आठ्यांसाठीं परवानगी दिली, आणि रुग्णाचें औषध आरशापुढें येऊन बसलें.

त्याचा अंमल तीन ते चार महिने टिकतो. मग पुन्हां सुई. वर्षांतून तीनचार वेळां पैसे भरून ज्याची मुदत वाढवावी लागते, त्या वस्तूस आम्ही भाड्याची वस्तु म्हणतों. तिला आत्मविश्वास म्हणण्याचें धाडस जाहिरातदारच करूं जाणे.

यावर एका तरुण सहकाऱ्यानें आम्हांस विचारलें, ‘आपण चष्मा लावतां, कवळी बसवितां, मोतीबिंदु काढवितां, मग सुरकुती पुसणारानेंच काय घोडें मारलें?’ प्रश्न वाजवी आहे. चष्म्यावांचून आम्हांस एक ओळ वाचवत नाहीं. एवढेंच काय, कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं चोरून कलपही लावून पाहिला, आणि काळ्या कलपांत सामान्यतः असणाऱ्या पॅराफेनिलीनडायअमीन नामक द्रव्यानें कानांमागें पुरळ उठवून आमची चोरी घरभर जाहीर केली. तरीही भेद उरतोच. चष्मा गेलेली शक्ति परत देतो. भुवईंतली सुई असलेली शक्ति काढून घेते. ज्या स्नायूनें माणूस रागावतो, काळजी करतो, नातवाच्या थापेवर संशय घेतो, तोच ती मुका करते. मास्तराचा तर निम्मा धंदा भुवयांवर चालतो!

आमच्या पूर्वजांस वार्धक्य प्रिय होतें, असें सांगणारेही आमचे मित्र नव्हेत. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरेशीं झुंजणारें रसायनतंत्र हें एक स्वतंत्र अंग आहे; च्यवनास अश्विनीकुमारांनीं तारुण्य दिलें, आणि ययातीनें तर तें पोटच्या पोराकडून उसनें घेतलें. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, ज्या समाजानें स्त्रियांस ‘वयाला शोभेल असें’ राहण्याचे धडे दिले, त्यानेंच ऐन विशींतल्या विधवेचें केशवपन करून तिला बळेंच म्हातारी केलें. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें त्या कामावर बहिष्कार घातला; सुशिक्षितांपैकीं पुष्कळांस तेवढी लाज वाटण्यास आणखी बराच काळ लागला. स्त्रीनें म्हातारें केव्हां दिसावें हें तेव्हां दुसरे ठरवीत. केव्हां दिसूं नये हें आज दुसरे ठरवितात. म्हणून कलप लावणाऱ्या बाईस हंसणाऱ्यांच्या बैठकींत आम्ही बसणार नाहीं.

आमची एक जुनी विद्यार्थिनी एका खासगी शाळेंत पंचवीस वर्षें गणित शिकवीत आहे. गेल्या वर्षीं तिनें कलप सोडला. दोन महिन्यांत चालकांनीं तिला बोलावून सांगितलें कीं, प्रवेशाच्या दिवसांत पालकांपुढें ‘जरा टवटवीत’ चेहरा असलेला बरा. नव्या वेळापत्रकांत दहावीचे वर्ग तिच्या नांवापुढें नव्हते. ती आतां पुन्हां कलप लावते. या बाईंस आत्मविश्वास प्राप्त झाला, असें त्या फलकावाल्यानें म्हणावें काय? तिला मिळाले ते वर्ग. मनांत बसली ती भीति. ‘हा ज्याच्या त्याच्या खुषीचा मामला आहे’ हें समर्थन आम्ही मान्य करूं. पण पन्नाशीच्या शिक्षिकेस पांढरे केस ठेवूनही दहावीचा वर्ग मिळेल, अशी शाळा आधीं कोणी आम्हांस दाखवावी.

सुईची ही गोष्ट झाली सधनांची. ज्यांस ती परवडत नाहीं त्यांच्या वांट्यास येतें तें औषधाच्या दुकानांतील मलम. डाग आणि वांग घालविण्यासाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉईड असतें. आरंभीं चेहरा उजळतो. पुढें कातडी पातळ होते, तांबडी पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसूं लागतात. मलम सोडावें तर आग होते, म्हणून तें सुटत नाहीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा अनेक मलमांस चिठ्ठीवांचून न विकण्याच्या औषधांच्या यादींत घातलें. आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाईंच्या गालांवर ती लाली दिसली, तेव्हां तेंच मलम मागावयास आम्ही स्वतः गेलों. दुकानदारानें चिठ्ठी मागितली नाहीं. मोठी नळी घेतल्यास स्वस्त पडेल, असें मात्र त्यानें आपण होऊन सुचविलें.