नियमाआधीची अडचण

२५ नोव्हेंबर १९९३ रोजी डलास आणि मायामी या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. मैदानावर बर्फ साचले होते. डलास १४-१३ असा पुढे होता आणि खेळ संपायला जेमतेम १५ सेकंद उरले होते. मायामीने गोलखांबांच्या मधून चेंडू मारायचा प्रयत्न केला, पण डलासने तो मध्येच अडवला. चेंडू बर्फावर गरगरत राहिला. डलासने सामना जिंकल्यातच जमा होता. तेवढ्यात डलासचाच लिऑन लेट धावत आला, घसरला आणि त्याचा चेंडूला स्पर्श झाला. लगेच मायामीच्या खेळाडूने चेंडूवर झडप घातली. चेंडू मायामीचा ठरला. त्यांनी पुन्हा किक मारली आणि सामना १६-१४ असा जिंकला!

लेट नुसता उभा राहिला असता, तर त्याचा संघ जिंकला असता. हा कसला वेडगळ नियम, असे कोणालाही वाटेल. माझे मत वेगळे आहे. एखादा नियम वेडगळ वाटला, की त्याच्या आधीची अडचण आपल्याला ठाऊक नाही, असे खुशाल समजावे.

ती अडचण कोणती? हा खेळ रग्बीतून निघाला. १८८० साली वॉल्टर कॅम्प यांच्या सूचनेवरून चेंडू निर्विवादपणे एका संघाकडे ठेवण्याची पद्धत आली. पण १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात दोन्ही संघांनी एकेक डाव नुसता चेंडू धरून काढला. निकाल ०-०! म्हणून १८८२ मध्ये नियम झाला : तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. १९१२ पासून चार प्रयत्न आणि १० यार्ड असे प्रमाण आहे. (१ यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर.)

आता किकचे कोडे सुटते. तीन प्रयत्न फसले, की संघ बहुधा चेंडू लांब मारून देतो. याला 'पंट' म्हणतात. मारणाऱ्यांनाच तो धावत जाऊन परत घेता आला असता, तर चार प्रयत्नांच्या मर्यादेला अर्थच उरला नसता. म्हणून प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श होईपर्यंत त्यांचा त्यावर हक्क नाही. मात्र प्रतिस्पर्ध्याने हात लावला आणि चेंडू निसटला, तर तो दोघांनाही मोकळा. जो घ्यायला जातो, त्याने निसटण्याचा धोकाही पत्करावा, हे न्याय्यच आहे. अडवलेली किक खेळ सुरू झाला त्या रेषेच्या पलीकडे गेली, की तिलाही हेच तत्त्व लागू होते. लेट नेमका येथेच सापडला.

सामन्याच्या आरंभीच्या किकचा नियम निराळा आहे. तो चेंडू १० यार्ड गेला, की कोणीही घ्यावा. तेथे कोणाचेच प्रयत्न खर्च झालेले नसतात. मग पळवाटीची भीती कशाला?

काही नियम मात्र आपल्या माकडहाडासारखे मागे राहिलेले असतात. पंटचा चेंडू हात हलवून, खूण करून झेलला, तर झेलणाऱ्याला कोणी धक्का देत नाही. त्यानंतर त्याच्या संघाला त्या जागेवरून, कोणी अडवायला न येता, गोलवर किक मारता येते. हा रग्बीचा अवशेष. १९ डिसेंबर २०२४ रोजी कॅमेरॉन डिकरने असा ५७ यार्डांचा गोल केला. व्यावसायिक लीगमध्ये १९७६ नंतरचा तो पहिलाच!

नियमाला कारण असले, म्हणजे तो कायमचा झाला असेही नाही. आरंभीच्या किकला खेळाडू दुरून भरधाव येऊन आदळत. वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. मग इजा का होणार नाही? म्हणून २०२४ मध्ये या लीगने दोन्ही रांगा जवळजवळ उभ्या केल्या. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत किंवा कोणी झेलेपर्यंत त्यांनी हलायचे नाही.

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे : नियम पाठ करून घेण्यापूर्वी मुलांना विचारू द्या, "हा नसता, तर काय झाले असते?" ज्याला हे उत्तर सापडले, त्याला नियम घोकावा लागत नाही. आणि कोणता नियम ठेवावा, कोणता बदलावा, हेही त्यालाच कळते.